गाडीतली ओल झाकू नका, शोधा



मागच्या अंकात कूलर वाळवून ठेवण्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी आणि अमरावतीच्या एका वाचक भगिनीने जवळजवळ एकच प्रश्न विचारला: “कूलरचं झालं, पण पावसाळ्यात गाडीत पाणी येतं त्याचं काय?” तिघांच्याही गाड्या दहा वर्षांच्या पुढच्या. तिघांनीही गाडी गॅरेजला दाखवली होती, पैसे दिले होते, आणि पुढच्या जोराच्या पावसात पायाखालची मॅट पुन्हा भिजली होती.

हा प्रश्न आमच्या घरीही दोन पावसाळे मुक्कामाला होता. त्याचाच हिशोब या महिन्यात मांडतो. त्यात माझ्या चुका बऱ्याच आहेत. त्या वाचून तुमच्या टळल्या तर बरंच.

आधी दोष, मग शोध

तिवशात आमची गाडी घरासमोरच्या कडुनिंबाखाली उभी असायची. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी झाडाची सावली सोडून गाडी उन्हात कोण ठेवील? त्या सावलीची किंमत पुढे कळली.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत अम्मीला डॉक्टरांकडे दाखवायला अमरावतीला निघालो होतो. अम्मी पुढे डावीकडे बसल्या होत्या. मोझरीच्या अलीकडेच त्यांनी पाय वर घेतले. मोजे ओले झाले होते. मी मागे वळून धाकटीकडे पाहिलं. आदल्या दिवशी तिने शाळेची पाण्याची बाटली पुढे ठेवली होती, एवढाच माझा पुरावा. अमरावती येईपर्यंत मी तिला बोलत होतो. ती म्हणाली, “अब्बा, मी नाही सांडलं.” मी ऐकलं नाही.

तीन दिवसांनी रात्रभर पाऊस झाला. सकाळी बंद गाडी उघडली तर त्याच जागी पुन्हा पाणी. बाटली घरात होती.

मग गाडी एका गॅरेजला नेली. त्यांनी पाण्याचा एक थेंबही न टाकता समोरच्या काचेभोवती सिलिकॉन फिरवलं आणि पैसे घेतले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेवटी टायरच्या दुकानापाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांना विचारलं. ते आता काम करत नाहीत, पण सल्ला देतात. ते म्हणाले, “सर, पानी जिथं दिसते तिथं घुसत नसते. पहिले गाडी कोरडी करा, मंग पानी टाकून पाहा, मंग बोला. तुमी तर पहिलेच बोलून रायले.”

ते गाडीबद्दल बोलत होते. मला मात्र धाकटीचा चेहरा आठवला. सूरह हुजुरातमध्ये ताकीद आहे की कोणी खबर आणली तर आधी तहकीक करा, नाही तर अजाणतेपणी कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल. मला तर खबरही कुणी आणली नव्हती. मीच आणली होती आणि मीच खरी मानली होती.

एवढ्याशा पाण्याने काय होतं?

गाडीच्या कार्पेटखाली फोमचा किंवा वाकळीसारखा जाड थर असतो. तो पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कार्पेट कोरडं लागतं आणि खाली गादी भिजलेली असते. काचा बंद, ऊन वरून, ओल खालून; बुरशीला याहून चांगली जागा नाही. सकाळी काचा आतून धुरकटणं आणि दार उघडताच कुबट वास येणं ही तिची पहिली खूण. घरात दम्याचा त्रास असलेलं माणूस किंवा लहान मूल असेल तर हा वास नुसता वास राहत नाही.

दुसरं नुकसान पत्र्याचं. गंज खालून वर येतो, म्हणून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिसरं नुकसान वायरिंगचं. पुष्कळ गाड्यांत वायरींचे जोड कार्पेटखालून जातात आणि काहींमध्ये इलेक्ट्रॉनिक डबेही सीटखाली किंवा डॅशखाली असतात. इंडिकेटर आपोआप लागणं, सेंट्रल लॉकने मनाला येईल तसं वागणं, याचं मूळ कधी कधी त्या ओलीतच असतं.

उन्हापावसात टाकलेली गाडी कशी होते याचं एक उदाहरण देशभर गाजलं. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंह यांना मिळाली. त्यांनी ती गाडी आयुष्यभर ठेवली. त्यांच्या पश्चात मात्र ती घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे कंपनीने ती नीट करून आपल्या मुख्यालयात ठेवली. आपल्या गाडीसाठी असं कोणी येणार नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवायची तर गाडी आरटीओला दाखवावी लागते. तिथे खालून सडलेला पत्रा घेऊन जाण्याची वेळ कुणावर येऊ नये.

हे पाणी कोणतं?

शोध इथून सुरू करा. गाडीत तीन प्रकारचं पाणी येतं.

पहिलं पावसाचं. ते पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच दिसतं.

दुसरं एसीचं. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून पाणी होते आणि एका छोट्या नळीने गाडीखाली पडते. दमट दिवसांत एसी चालवून गाडी थांबवली की खाली थेंबांचं छोटं थारोळं होतं ते हेच, आणि ते चांगलं लक्षण आहे. दमट दिवस असून, एसी अर्धा तास चालून खाली थेंब पडत नसेल आणि आत पाय ओले होत असतील, तर नळी तुंबली आहे. हे पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. पावसाचा पत्ता नसताना मॅट भिजली तर पहिला संशय यावर घ्या.

तिसरं इंजिनाचं कूलंट. हीटरची नळी किंवा छोटा रेडिएटर डॅशच्या आत असतो, तो फुटला की कूलंट आत येतं. ते रंगीत, बोटांना बुळबुळीत आणि वासाला गोडसर असतं. काचेवर चिकट धूर बसतो. हे विषारी आहे. चाखून पाहू नका, मुलांना आणि मांजरीला त्यापासून दूर ठेवा, आणि गाडी सरळ मेकॅनिककडे न्या. हे घरी करायचं काम नाही.

एक पांढरा टिश्यू किंवा जुनं पांढरं कापड ओल्या जागी दाबा. रंग, वास आणि चिकटपणा, तिन्हींचा निकाल दोन मिनिटांत लागतो. आमचा टिश्यू मातकट निघाला. म्हणजे पाणी बाहेरचं.

कोरडं करा, मग पाणी टाका

ओल्या गाडीत नवी ओल सापडत नाही, म्हणून आधी गाडी पूर्ण कोरडी करावी लागते. मॅट काढा, दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी हलक्या हाताने उचला आणि कार्पेटची कड वर करा. खालच्या फोममध्ये वर्तमानपत्रं दाबून पाणी शोषून घ्या, ती बदलत राहा, काचा उघड्या ठेवून टेबलफॅन लावा. सीट काढायची गरज शक्यतो पडत नाही. सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा जोड दिसला तर हात लावू नका. तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा असतो.

मग चाचणी. दोन माणसं लागतात. एक आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाणी घेऊन. आमच्याकडे आत बसायला धाकटी तयार झाली. पाणी कुठून येतं ते कळण्याची गरज तिला माझ्याहून जास्त होती.

या चाचणीचे चार नियम उस्तादांनी सांगितले, ते जसेच्या तसे देतो.

एक: पाणी खालून वर न्यायचं. आधी दाराची खालची कड, मग काचेची रेषा, मग वायपरखालची जाळी, मग समोरची काच, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जागा ओल्या करत खाली येतं आणि काहीच कळत नाही.

दोन: एका वेळी एकच जागा, आणि निदान पाच मिनिटं. पाण्याला आत पोहोचायला वेळ लागतो.

तीन: जोराचा फवारा नको. धुलाई केंद्रातला प्रेशरचा पाइप चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो. पाऊस तसा पडत नाही. पाइपच लागतो असंही नाही. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून आम्ही घरातला तोटीचा बधना वापरला. त्याची बारीक धार नेमकी हव्या त्या जागी पडते आणि दोन बादल्यांत काम होतं. इस्राफही नाही.

चार: आत संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा थेंब जिथून सरकेल तिथे पावडरीत ओघळ उमटतो. पाणी दिसेनासं झालं तरी ओघळ राहतो.

आम्ही दाराच्या कडेपासून सुरुवात केली. काही नाही. समोरची काच सगळ्यांनी गुन्हेगार ठरवलेली, तिच्यावर दहा मिनिटं धार धरली. काही नाही. मग वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीत डावीकडे पाणी सोडलं. तिसऱ्या मिनिटाला आतून ओरड आली, “अब्बा, आलं! पंख्याच्या डब्यातून आलं!”

पाणी शिरण्याच्या नेहमीच्या वाटा

*वायपरखालची जाळी.* समोरच्या काचेवरून वाहणारं सगळं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांमागे जमिनीवर पडतं. एसीच्या ब्लोअरला बाहेरची हवाही याच पन्हळीतून मिळते. छिद्रं तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या वाटेने ब्लोअरमध्ये उतरतं. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत ब्लोअर डावीकडे असतो, म्हणून डावीकडे बसणाऱ्याचे पाय भिजतात. आमची जाळी उचलली तेव्हा आत कडुनिंबाच्या पानांचा आणि धुळीचा चार बोटं थर निघाला. त्यात निंबोळीचं एक रोप उगवलं होतं. काडी आणि हात एवढंच लागलं; सिलिकॉन लागलं नाही. साफ केल्यावर मगभर पाणी ओता, ते लगेच चाकामागे पडलं पाहिजे. वऱ्हाडात हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी, दरवर्षी करावं. उन्हाळ्याची धूळ आणि पानगळ दोन्ही तोवर जमलेली असतात.

*दारं.* पुष्कळांना हे माहीत नसतं की प्रत्येक दाराच्या आत पाणी जातच असतं. काचेला लागून असलेली रबरी पट्टी सगळं पाणी अडवत नाही. आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं मातीने बुजली की दार उघडताना आत पाणी खळखळतं आणि दार खालून सडतं. छिद्रं लाकडी काडीने मोकळी करा, लोखंडी खिळ्याने नको. रंग निघाला की गंज लागलाच.

दाराच्या आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दारातलं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो. काच चढवण्याची मशीन दुरुस्त करताना किंवा स्पीकर बसवताना हा कागद फाडला जातो आणि पॅड परत लावल्यावर कुणाला दिसत नाही. पहिली गळती बंद केल्यावरही आमच्या मागच्या डाव्या बाजूला थोडी ओल उरली होती, ती यातून. स्पीकर मीच हौसेने बसवून घेतले होते. जाड प्लास्टिक कापून ब्युटाइलच्या चिकट पट्टीने पुन्हा लावलं. कागदाची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला वळलेली असली पाहिजे, म्हणजे ओघळ आतच पडतो.

*दाराचं रबर.* ४५ अंशांच्या उन्हात रबर कडक होतं आणि बसतं. एक नोट किंवा कागद दारात धरून दार लावा आणि ओढा. कागद सहज सुटला तर त्या जागी रबर पकड घेत नाही. साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. इंजिन ऑइल किंवा रॉकेल लावू नका, त्याने रबर फुगून खराब होतं. फाटलं असेल तर बदलाच.

*समोरची काच.* अॅम्बॅसेडर, पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत काच जाड रबरात बसवलेली असते. रबर तडकलं की कोपऱ्यातून पाणी येतं. अलीकडच्या गाड्यांत काच गोंदाने चिकटवतात. काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर संशय तिच्यावर घ्या, आणि काच काढून पुन्हा बसवून घ्या. वरून फासलेलं सिलिकॉन टिकत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर गाडीच्या पत्र्यावर कुठेच वापरू नका, त्यातलं आम्ल पत्रा गंजवतं. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा.

*डिकी.* इथे पाणी बहुधा मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून किंवा डिकीच्या रबरातून येतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं. स्टेपनी उचलून पाहा. मागून धडक बसून दुरुस्ती झालेली गाडी असेल तर इथे आधी पाहा.

*छत.* कॅरिअरचे बोल्ट, अँटेनाची बैठक आणि छताच्या दोन्ही बाजूंच्या पन्हळी. इथलं पाणी छताच्या कापडामागून खांबात उतरतं आणि दोन-तीन फूट दूर, सीटबेल्टजवळ किंवा मागच्या पायांपाशी बाहेर येतं. ओल आणि वाट यांच्यात सर्वांत जास्त अंतर इथे असतं.

*तळ.* गाडीच्या तळात रबरी बूच असतात. ते निसटले की पावसात काही होत नाही, पण रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की आत पाणी येतं. उभ्या गाडीत कोरडं आणि चालवल्यावर ओलं, असं असेल तर कारण हेच समजा.

*एसीची नळी.* ती खालून साफ करतात. मऊ पातळ नळी घालून हलकी हवा पुरते. टोकदार तार घातली तर आत भोक पडतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. हे काम रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये करून घेणं स्वस्त पडतं.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा त्याच जागी पाणी टाकून पाहा. ही शेवटची चाचणी केल्याशिवाय कार्पेट खाली सोडू नका. फोम महिनोन्महिने भिजलेला असेल तर तो धुण्यापेक्षा बदलावा. पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, प्राइमर आणि रंग लावून वाळल्यावरच कार्पेट टाकावं.

त्या संध्याकाळी हात धुताना मी धाकटीची माफी मागितली. ती म्हणाली, “मग भाईला पण सांगा.” मोठ्यासमोर मी तिला बोललो होतो, ते तिच्या लक्षात होतं. त्याच्यासमोर पुन्हा मागितली.

मे महिन्यात विकून टाका

या वर्षी गाडी विकायची ठरली. अम्मीला चढायला-उतरायला ती खाली पडते, उंच सीटची गाडी हवी होती. जुन्या गाड्यांच्या व्यवहारातला एक ओळखीचा माणूस म्हणाला, “मे महिन्यातच काढा सर. पाऊस लागला की वास उठतो. नवी मॅट टाका, अत्तराची बाटली टांगा, बस.”

गळती आम्ही बंद केली होती, पण दोन पावसाळ्यांनी डाव्या पायाखालचा पत्रा खाल्ला होता. भोक नव्हतं, गंज घासून रंग दिला होता, खरबरीतपणा मात्र होता. कार्पेट वर केल्याशिवाय तो कुणाला दिसणार नव्हता. आणि मे महिन्यात कार्पेट कोण वर करतं?

मलाही ते पटत चाललं होतं, हे कबूल करतो. गळती तर बंद आहे, मग सांगायचं काय? आठ-दहा हजारांचा फरक पडत होता आणि नव्या गाडीला पैसे कमी पडत होते.

आड आली ती लहानपणापासून ऐकलेली एक हदीस. ‘सहीह मुस्लिम’मध्ये ती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर धान्यवाला म्हणाला की पावसाने भिजलं. प्रेषितांनी विचारलं की मग ते भिजलेलं वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं.

वर्गात ही हदीस मी मुलांना कितीदा तरी सांगितली आहे. या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं की धान्य भिजल्याबद्दल त्या माणसाला कुणी दोष दिला नव्हता. पाऊस त्याच्या हातात नव्हता. कोरडं वर आणि ओलं खाली ठेवणं मात्र त्याच्या हातात होतं. नवी मॅट म्हणजे वरचं कोरडं धान्यच की! आपल्या फिकहमध्येही विकणाऱ्याने न सांगितलेला ऐब नंतर निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क दिला आहे; त्याला खियारे ऐब म्हणतात.

पहिलं गिऱ्हाईक चांदूर रेल्वेहून आलं. मी कार्पेट उचलून दाखवलं. त्यांनी पाहिलं, चहा घेतला आणि परत गेले. घरात कुणी काही बोललं नाही, पण माझ्या बेगमने तेवढ्यापुरतं माझ्याकडे पाहिलं. दुसरा एक तरुण आठ दिवसांनी आला. त्याने खालून, वरून, बॅटरी लावून पाहिलं, आठ हजार कमी केले आणि गाडी घेतली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. बेगम म्हणाल्या, “आठ हजार गेले.” गेले, हे खरंच आहे. पहिल्या पावसाच्या रात्री मात्र मला झोप लागली. कुणाच्या तरी अम्मीचे पाय ओले होतायत का, हा विचार करत बसावं लागलं नाही.

घेणाऱ्यांसाठी

तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर विकणारा सांगेल याची वाट पाहू नका. गाडी आधी एक तास ऊन्हात बंद ठेवायला सांगा, मग दार उघडून वास घ्या; अत्तर लावलेलं असेल तर जास्तच लक्ष द्या. मॅट उचलून कार्पेटवर टिश्यू जोराने दाबा. सीटखालचे स्क्रू आणि पट्ट्या पाहा. वरून चकचकीत गाडीत ते गंजलेले असतील तर आत पाणी साचून राहिलं आहे. स्टेपनीचा खड्डा पाहा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा; शेवटच्या टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं. अशा पुरांतल्या गाड्या धुवून-पुसून दूरच्या गावी विकायला येतात. जमलं तर जुनी गाडी पावसाळ्यातच घ्या. सगळं आपोआप दिसतं.

आणि ज्यांच्या गाडीत आज पाणी आहे त्यांनी आधी कुणाला बोलू नये. मुलाला नाही, ड्रायव्हरला नाही, काचेलाही नाही. एक टिश्यू, एक बॅटरी, थोडी पावडर आणि बधनाभर पाणी घ्या. आमची दुसरी गाडीही जुनीच आहे आणि ती आता कडुनिंबाखाली उभी नसते. तिच्यावर पत्र्याचं छप्पर टाकलं आहे. ते छप्पर कुठे गळतं, तो पुढचा विषय.

पुढच्या महिन्यात पावसाळ्यात घरातलं धान्य कसं कोरडं ठेवायचं ते पाहू, इन्शाअल्लाह. तोवर खुदा हाफिज.